मामांची कन्व्हर्टिबल वृद्धाश्रमाला द्यावी का?

गुहागरवाली
आमच्या मामांकडे 2009 ची जर्मन टू-सीटर आहे. पत्र्याचंच छप्पर, बटण दाबलं की दुमडून डिकीत जातं. म्हणजे जायचं. आता अर्ध्यात अडकतं, मग हाताने ढकलून बसवायचं. मामा निवृत्तीनंतर मुंबईहून गुहागरला आले, गाडीही आली आणि खळ्याकडेच्या शेडमध्ये उभी राहिली. मामांचे गुडघे गेलेत, त्या खोल सीटवर बसले की उठवायला दोन माणसं लागतात. दोन डीलर बघून गेले. दुसऱ्याने आकडा सांगितल्यावर मामांनी त्याला कोकम सरबतसुद्धा विचारलं नाही. आता म्हणतात, विकायची नाही, जवळच्या वृद्धाश्रमाला दान द्यायची. मला कल्पना आवडली. तुम्हाला काय वाटतं?

खाडीपलीकडचा
वृद्धाश्रमाने तिचं करायचं काय? एखाद्या आजींना चिपळूणला डॉक्टरकडे न्यायचं तर त्या आत शिरणार कशा? शिरल्या तर सोबतच्या बाईने कुठे बसायचं? गाडी विका आणि येतील ते पैसे चेकने द्या. देणगीवरची करसवलत (80जी म्हणतात ती) पैशांच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. रोख दिलेत तर 2,000 रुपयांच्या वर तीही नाही. आणि मामा नव्या कररचनेत असतील तर सवलतीचा विषयच मिटला.

न्यूजर्सीकर
इकडे अमेरिकेत गाडी दान देणं सर्रास चालतं. फोन केला की संस्था टो ट्रक पाठवते, गाडी लिलावात जाते. पूर्वी लोक मनाला येईल ती किंमत लावून करात वजावट घ्यायचे. 2005 पासून चाप बसला. गाडी 500 डॉलरच्या वर गेली तर साधारणपणे लिलावात जे आले तेवढीच वजावट, संस्था स्वतः वापरणार असेल तर गोष्ट वेगळी. कोकणात का होऊ नये?

विश्वस्त_एक
कारण टो ट्रक कोण पाठवणार, दादा? मी एका लहानशा संस्थेचं काम बघतो. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं आमचं दर दिवाळीला होतं. लोक माळा साफ करतात आणि टेम्पो आमच्या दारात. त्या सामानात एकदा तीन पायांचा पलंग निघाला.

आता ही गाडी घ्या. 2009 ची म्हणजे 15 वर्षांची नोंदणी संपली. नूतनीकरणाआधी आरटीओची तपासणी, वर पर्यावरण कर. आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) इम्पोर्टेड अशी नोंद असेल तर नुसतं नूतनीकरणाचं शुल्क 40,000 रुपये. मग विमा, नाव बदलायचे फॉर्म 29 आणि फॉर्म 30, आमच्या सभेचा ठराव, मुंबई पासिंग असेल तर एनओसीचं बघायचं. हे सगळं करून गिऱ्हाईक शोधायचं ते आम्हीच. आणि नको म्हणायची सोय नाही, कारण देणारा गावातला मानाचा माणूस.

काळोखातलो बाव
दान करतास की भंगार टाकतास?

आंबोळी_घावन
इतकं तुटून पडू नका. ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ हे घेणाऱ्याला सुनावतात, इथे सगळे देणाऱ्यालाच झोडताहेत. त्या माणसाने आयुष्यात हौसेने घेतलेली एकच वस्तू असेल ती. डीलरला ती फक्त मॉडेल आणि वर्ष दिसली. संस्थेच्या नावाने विकायला काढली तर पुण्या-मुंबईचा एखादा शौकीन चार पैसे जास्तच देईल. डीलरशी हजारासाठी हुज्जत घालणारा माणूस वृद्धाश्रमाशी घालत नाही.

गॅरेजवाला_रत्नागिरी
शौकीन आधी डिकीचं कार्पेट उचलून बघतो. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. छपराच्या कडेला पाणी जायच्या बारीक नळ्या असतात, त्या पानांनी तुंबतात आणि पाणी आत उतरतं. मग वायरिंगच्या कनेक्टरना हिरवट गंज, सीटच्या लेदरवर पांढरी बुरशी. छपराचा हायड्रॉलिक पंप, त्याचे पाइप, सेन्सर यांतलं काय गेलंय ते बघितल्याशिवाय कळत नाही. शेडमध्ये उंदीर असतील तर वायरिंगही धरा. अंगणात दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून यातलं काही वाचत नाही. खारी हवा बंद गाडी चालू गाडीपेक्षा लवकर खाते. तीन महिने रखडलात तर मधे पावसाळा येईल.

गुहागरवाली
उंदीर आहेत. पण मामांना पैसा नकोच आहे. मग विकून पैसे द्या आणि गाडी द्या यात फरक काय?

खाडीपलीकडचा
फरक एवढाच की खेटे कोणी घालायचे. मला विचाराल तर मामांना आकडा ऐकायचा नाहीये, म्हणून दान. गाडी दिली की ती मनात लाखांचीच राहते. बोचरं आहे, पण आहे.

विश्वस्त_एक
बोचरं कशाला, माणूसच आहे तो. पण एक सांगतो. चावी दिली आणि आरसीवर नाव मामांचंच राहिलं, तर उद्या अपघात झाल्यावर भरपाई त्यांच्या गळ्यात. नोंदीत ज्याचं नाव तो मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केलंय. आमच्याकडच्या पोरांना ओपन गाडी मिळाली तर ती शेडमध्ये राहील का?

माझ्या मते गाडी मामांच्याच नावावर ठेवा. कागद तुम्ही नीट करा, संस्था फक्त जाहीर करील की येणारी रक्कम आम्हाला मिळणार आहे. गिऱ्हाईकाच्या नावावर गाडी थेट चढेल आणि मामा संस्थेला चेक देतील.

आंबोळी_घावन
हे पटलं. फक्त जाहिरातीत मामांचं नाव आणि गाडीचा फोटो असू द्या. छप्पर उघडलेला.

गॅरेजवाला_रत्नागिरी
उघडलंत तर मिटेल याची खात्री नाही. जुनाच फोटो लावा.

गुहागरवाली
मामांना वाचून दाखवलं. म्हणाले, करा, पण किती आले ते मला सांगू नका.

खाडीपलीकडचा
चेकवर सही त्यांचीच लागेल की हो.