मदत हवी आहे: 'पर्टर्ब्ड'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

आजोबा भुसावळला रेल्वेत होते. पत्रं सगळी इंग्रजीत, अगदी सख्ख्या भावालासुद्धा. घरच्या पोरांना वाचता यावीत म्हणून ती मी मराठीत आणतोय. जुलै १९६१ च्या एका पत्रावर मात्र आठवडाभर अडकलोय. १२ जुलैला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं. आमचं घर नारायण पेठेत. आठ दिवस झाले तरी काही कळेना, तारेलाही उत्तर नाही. तेव्हा आजोबा मुंबईच्या भावाला लिहितात, 'पुण्याहून पत्र नाही, त्यामुळे मी जरा पर्टर्ब्ड आहे.' बस्स. पुढच्याच ओळीत रजेच्या अर्जाचा विषय.

मी आधी 'व्यथित' लिहिलं. आत्या म्हणाली, "अण्णा काय शोकसभेत बोलतायत?" 'अस्वस्थ' अगदीच गुळमुळीत वाटतं.

मुळाशी गेलो तर गुंता वाढलाच. लॅटिन 'पेर्तुर्बारे': 'पेर' म्हणजे पार, पुरतं, 'तुर्बारे' म्हणजे ढवळणं, गोंधळ माजवणं. त्याच्या शेजारी 'तुर्बा', म्हणजे गलका, झुंबड. मनात जमाव घुसावा असा हा शब्द, आणि आजोबा त्याच्या आधी 'जरा' लावतात! डिस्टर्ब, ट्रबल याच घराण्यातले. 'तुर्बिदुस' म्हणजे गढूळ. पाण्याची टर्बिडिटी मोजतात ती त्यावरून. 'तुर्बो' म्हणजे गरगरणारी वावटळ आणि मुलांचा भोवराही. टर्बाइन तिथून आलं. आपल्याकडेही नदीतला भोवरा नि दोरीचा भोवरा एकच की. (टर्बनचा मात्र काही संबंध नाही, तो फारसीकडून आलाय. मीही फसलो होतो.)

एवढा दांडगा शब्द इतका सभ्य कसा झाला? आणि मराठीत काय लिहू? जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १:
तुमच्याआधी रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याच खोड्यात अडकला होता. इ.स.पू. ४५ च्या सुमारास त्याला ग्रीक 'पाथोस'साठी, म्हणजे मनाच्या विकारासाठी, लॅटिन शब्द हवा होता. शब्दाला शब्द ठेवायचा तर 'मोर्बुस', म्हणजे रोग. पण ते आपल्या बोलण्यात बसत नाही म्हणत त्याने 'पेर्तुर्बातिओ' घेतला. त्यात दुःख, भय, हाव आणि चक्क उतू जाणारा हर्षही मोडतो. म्हणजे भर दुःखावर नाही, मन जागचं हलण्यावर आहे. खगोलशास्त्रातही तेच. युरेनस गणिताने ठरलेल्या वाटेवरून किंचित सरकत होता, त्याला पर्टर्बेशन म्हणतात. त्याला ओढणारा ग्रह कुठे असेल, याची फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने आकडेमोड केली आणि १८४६ मध्ये बर्लिनला गाले या खगोलशास्त्रज्ञाला नेपच्यून सापडला. सरकणं एवढंसं, ओढणारा केवढा! तुमच्या आजोबांचं 'जरा' त्यातलंच दिसतंय.

प्रतिसाद २:
'उद्विग्न' घ्या. गीतेत स्थितप्रज्ञाला 'दुःखेष्वनुद्विग्नमनाः' म्हटलंय, तोच इम्पर्टर्बेबल, कशानेही न ढळणारा.

प्रतिसाद ३:
एवढं संस्कृत कशाला? आमची आजी सरळ म्हणाली असती, जीव खालीवर होतोय.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. नेपच्यूनने तर डोकंच फिरवलं. 'उद्विग्न' गीतेत शोभतो, पण आज कुणी उद्विग्न म्हटलं की तो वैतागून राजीनामा देणार असं वाटतं. 'जीव खालीवर होतोय' आत्याला वाचून दाखवलं. म्हणाली, "हे आई म्हणाली असती. अण्णा नाही."

मग 'जागचं हलणं' धरून असं केलं: 'पुण्याहून पत्र नाही, त्यामुळे मन जरा थाऱ्यावर नाही.' हे वाचल्यावर आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढचं काढ."