मदत हवी आहे : १९१० च्या 'शेहेराझाद' बॅलेच्या वळणाचे कपडे शिवायचेत, कापड आणि सोनेरी छापाबद्दल

नमस्कार मंडळी, शिवणकाम करणारे किंवा नाटकाच्या कपडेपटात काम केलेले कोणी असाल तर प्लीज वेळ काढून वाचा.

मी घरीच शिवते, भरतनाट्यमचे आणि लावणीचे ड्रेस बरेच केलेत. आता ओळखीच्या एका डान्स क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात 'शेहेराझाद' या अरबी गोष्टींवरच्या बॅलेच्या संगीतावर मुलींचा नाच आहे आणि मॅडमना कपडे मूळ बॅलेच्या वळणाचे हवेत, भाड्याने मिळतात तसले चकचकीत अरेबियन ड्रेस अजिबात नकोत. मलाही ते मनापासून पटलंय, म्हणून काम घेतलं.

थोडं सांगते म्हणजे मी काय मागतेय ते कळेल. दियागिलेव्ह या निर्मात्याची रशियन बॅले मंडळी १९०९ ला पॅरिसला आली आणि पुढच्याच वर्षी ४ जूनला तिथल्या ऑपेरात शेहेराझाद झालं, नाच फोकिनचा, सेट आणि कपडे लिऑन बाक्स्टचे. त्याआधी गोष्ट इजिप्तची असो नाहीतर ग्रीसची, नर्तकीच्या अंगावर तोच आखूड फुगीर टुटू म्हणजे बॅलेचा घागरा, आवळलेली चोळी आणि गुलाबी टाइट्स. फोकिनला हे खटकायचं. १९०७ ला 'युनिस' हा बॅले बसवताना अनवाणी नाचायला सरकारी थिएटरात परवानगी नव्हती तर त्याने टाइट्सवर पायाची बोटं रंगवून घेतली! मग बाक्स्टने हिरव्यागार पडद्यांसमोर केशरी, लाल, निळं असं सगळं एकत्र आणलं, घोट्याशी गोळा केलेल्या घेरदार तुमानी, कमरेला गुंडाळलेले शेले, आणि अंग वळलं की कापडही वळतंय. मला त्या चित्रांत हेच सगळ्यात आवडतं, कपडा नाचाच्या आड येत नाही.

आता अडचण. शिफॉनची तुमान करून बघितली तर ती पायाला चिकटते आणि मुलगी खाली बसली की मधली शिवण ताणते. सॅटिन छान पडतं पण लाइटमध्ये फार चमकतं. दुसरं म्हणजे बाक्स्टचे मोठे मोठे गोल आणि चौकडे सोनेरी रंगात छापायचेत, रंग वाळला की कापड कडक होतं आणि घडीवर तडकतो. भरतकाम करायला ना वेळ ना बजेट.

आणि एक, निवेदनात मॅडम म्हणणार आहेत की पॉल प्वारे या फॅशनवाल्याने बाक्स्टची नक्कल केली. असं स्टेजवरून बोललेलं चालेल का? चुकीचं काही जायला नको.

प्रतिसाद १

ताई, शिफॉन सोडा. कॉटन सिल्क नाहीतर जाडसर क्रेप घ्या, आतून मलमलचं अस्तर फक्त गुडघ्यापर्यंत, म्हणजे चिकटणार नाही आणि खाली घेर मोकळा राहील. दोन्ही पायांच्या मध्ये पटियाला सलवारीला लावतो तसा चौकोनी तुकडा टाकाच आणि तो तिरक्या कापडाचा काढा, शिवणीवरचा सगळा ताण तोच घेतो. घोट्याला नुसतं इलास्टिक नको, चुण्या घालून पट्टी लावा आणि पट्टीत इलास्टिक घाला.

रंगाचं म्हणाल तर तुम्ही बहुतेक थर जाड देताय. स्टेन्सिल आणि स्पंज घ्या, ब्रश नको, दोन पातळ हात द्या आणि पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. नंतर उलट्या बाजूने इस्त्री. मोठ्या गोलाच्या फक्त कडा रंगवा, मध्ये सोनेरी कापडाचा तुकडा लावून टाका, लांबून फरक कळत नाही आणि कापड कडक होत नाही.

प्रतिसाद २

मी ऑस्ट्रेलियात असते. इथे कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीकडे दियागिलेव्हच्या मंडळींचे खरे कपडे आहेत, १९७३ ला लंडनच्या लिलावात घेतलेले, आणि २०१०-११ ला त्यांचं मोठं प्रदर्शन झालं ते मी बघितलंय. 'निळा देव' या १९१२ च्या बॅलेत निजिन्स्की या नर्तकाने घातलेला ड्रेस तिथेच आहे, देव आपल्या कृष्णावरून सुचलेला, त्यामुळे मी त्या काचेपुढून लवकर हललेच नाही. जवळून बघितलं की कळतं, बऱ्याच कपड्यांवर हाताने रंगवलेलं, पट्ट्या चिकटवून शिवलेल्या, कुठे घामाचे आणि मेकअपचे डाग, आत नाचणाऱ्याचं नाव शाईने लिहिलेलं. हे कपडे दहाव्या रांगेतून बघायचे असतात, त्यामुळे भरतकाम नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

प्वारेबद्दल 'नक्कल' हा शब्द मी टाळेन. त्याने १९०३ ला स्वतःचं दुकान काढलं होतं, कॉर्सेटशिवायचे (कंबर आवळणाऱ्या आतल्या चोळीशिवायचे) उंच कमरेचे झगे तो बॅले यायच्या आधीपासून करत होता, १९०८ चा पॉल इरीबच्या चित्रांचा अल्बम बघा. आत्मचरित्रात त्याने बाक्स्टचा प्रभाव साफ नाकारलाय. पण बायकांसाठीच्या घेरदार तुमानी आणि ती प्रसिद्ध 'एक हजार दुसरी रात्र' पार्टी, जिथे ३०० पाहुणे पौर्वात्य वेषात आणि बायको दनीझ सोनेरी पिंजऱ्यात, हे १९११ चं, म्हणजे शेहेराझादनंतरचं. त्यामुळे 'बॅलेने पॅरिसला या कपड्यांचं वेड लावलं आणि प्वारेने ते स्टेजवरून घरात आणलं' असं म्हणा, कोणावर अन्याय होणार नाही. वेळ असेल तर १९२४ चा याच मंडळींचा 'निळी ट्रेन' बॅले पण सांगा, तिथे उलटं झालं, शॅनेल या फॅशनवालीने समुद्रावर घालायचे जर्सीचे कपडे सरळ स्टेजवर नेले.

धागाकर्ती

दोघींचे खूप खूप आभार, निवेदनाचं वाक्य मॅडमना पाठवलं आणि त्यांनी ते घेतलं. क्रेपवर स्पंजने एक गोल करून बघितला, हाताने चुरगळला तरी तडकला नाही. आता फक्त रंग ठरवायचेत. स्टेजमागे काळा पडदा असणारे, हिरवा मिळत नाहीये. मग निळ्या तुमानी दिसतील का बुडून जातील? कोणी काळ्या पडद्यापुढे केशरी आणि मोरपंखी एकत्र वापरलंय का, प्लीज फोटो असेल तर टाका, कापड शनिवारी आणायचंय.