झोपा, कळसा, कथील : ऐकण्यात चुकलेल्या म्हणी

यवतेश्वर
साताऱ्यातल्या एका शाळेत मराठी भाषा गौरव दिनाला (२७ फेब्रुवारी) म्हणींचा तक्ता लावायचाय. पाचवीच्या वह्यांत सापडलेलं असं : 'बैल गेला अन् झोप केली', 'काखेत कळस गावाला वळसा', 'हाती कथल्याचा वाळा', 'अठरा विश्व दारिद्र्य'. दुरुस्त करणं अवघड नाही, पण का चुकलं ते पोरांना दोन ओळींत कसं सांगावं? आणि 'माझ्या अपरोक्ष' म्हणजे समोर की मागं?

कृष्णाकाठ
पहिलीला व्याकरणच पुरे. मराठीत झोप 'करत' नाहीत. काढतात, घेतात, नाहीतर लागते. मूळ म्हण 'बैल गेला आणि झोपा केला'. झोपा म्हणजे गोठ्याचं काटक्याकुट्यांचं दार. बैल चोरीला गेला, मग दार बसवलं. आता गोठ्याला पत्र्याचं फाटक आलं, झोपा कुणी बघितलेला नाही, मग कान जवळचा शब्द उचलतो. शिवाय 'केली' म्हटलं की गेला-केला हे यमक मोडतं.

यमकाचीच कसोटी कळशाला लावा : कळसा-वळसा. कळस देवळावर असतो, तो काखेत कोण मारणार? कळसा म्हणजे पाण्याचा घडा, कळशीचा थोरला भाऊ. कमरेवर तो आहेच, आणि बाई गावभर शोधतीय.

हळदपेठ
कथला नावाचा धातू नाही, कथील आहे. पितळी भांड्यांना कल्हई करतात ते. प्रत्यय लागला की अशा शब्दांत मधला ई-ऊ गळतो : लाकूड-लाकडाचा, कथील-कथलाचा. म्हणून 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा'. 'ल्या' आला की चूक.

अठराविश्वेत विश्व नाहीच. विसे, म्हणजे विसाचे गट : १८ × २० = ३६०, महिना तीस दिवसांचा धरला तर वर्षाचे झाडून सगळे दिवस दारिद्र्य.

वाईकर
विसांपर्यंत बरोबर, पुढचा हिशेब दुसराही आहे. विसवा म्हणजे विसावा हिस्सा. वीस विसव्यांतले अठरा दारिद्र्याचे. मला हाच पटतो. 'विसवे'चं 'विश्वे' व्हायला जीभ फार वळवावी लागत नाही. तक्त्यावर मात्र 'अठराविश्वे' हेच रूढ रूप ठेवा, खाली दोन्ही हिशेब द्या.

अपरोक्षचं : अक्ष म्हणजे डोळा. परोक्ष म्हणजे डोळ्यांपलीकडे, पाठीमागं. त्याला 'अ' लागला की उलट, डोळ्यांसमोर. लोक 'अ' ऐकून 'हजर नाही' समजतात, आणि आता तो उलटा अर्थ इतका पसरलाय की बरोबर लिहिलं तरी वाचणारा चुकीचं वाचेल. 'माझ्या माघारी' लिहा, सातारा-सांगलीत तेच बोलतात.

यवतेश्वर
विसव्याचा हिशेब चित्रात बसतोय : वीस चौकोन, अठरा काळे. झोप्यासाठी मात्र बाभळीच्या काटक्याच आणाव्या लागणार.