निबंधातले परिच्छेद विस्कळीत होतात, बिनसतंय कुठे?

बालाघाटचा_पोऱ्या
राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, निबंधाचा 250 गुणांचा पेपर आला, आणि इतकी वर्षं नुसते गोल काळे करणाऱ्या माझ्यासारख्यांना घाम फुटला. सराव पेपर तपासून आलाय. समासात एवढंच लिहिलंय : 'माहिती चांगली, परिच्छेद विस्कळीत.' विषय होता मराठवाड्याचा पाणीप्रश्न. एक परिच्छेद जसाच्या तसा देतो.

'मराठवाड्यात पाऊस कमी पडतो. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तसेच ऊस हे जास्त पाणी लागणारे पीक आहे. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली. त्याचप्रमाणे जलयुक्त शिवारमध्ये गाळ काढण्यात आला. यामुळे लोक स्थलांतर करतात. म्हणून पाणी हेच जीवन आहे.'

यात चुकीचं काहीच नाही ना? मग?

गोल_काळे
उपशीर्षकं टाक, मुद्द्यांना आकडे दे, महत्त्वाचे शब्द अधोरेखित कर. तपासणाऱ्याला वेळ नसतो भावा.

तांबडी_शाई
गोल_काळे दादा, हे सामान्य अध्ययनात चालेल, निबंधात नको. आकडे टाकले की दोन मुद्द्यांमधला संबंध सांगायची जबाबदारीच संपते, आणि निबंधात तोच तर बघतात. यूपीएससीच्या अभ्यासक्रमातही निबंधापुढे स्पष्ट लिहिलंय की विषय सोडू नका, विचार क्रमाने मांडा, थोडक्यात लिहा.

बाळा, मी अंबाजोगाईची, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झाले. तुझं सहावं वाक्य मोठ्याने वाच. 'यामुळे' म्हणजे कशामुळे? मागचं वाक्य गाळ काढण्याचं आहे. म्हणजे गाळ काढला म्हणून माणसं गाव सोडून निघाली! तुला काय म्हणायचंय ते मला कळतं, मी त्याच भागातली आहे. तपासणाऱ्याने का अंदाज बांधत बसावं?

आता दुसरं आणि पाचवं वाक्य एकमेकांच्या जागी ठेवून बघ. फारसं काही बिघडत नाही. वाक्यं कुठेही हलवता येतात याचा अर्थ ती एकमेकांना धरून नाहीत. 'तसेच' आणि 'त्याचप्रमाणे' घालून तू नुसता सांधा असल्याचा भास केलायस. लातूरच्या रेल्वेचा आणि उसाचा संबंध 'तसेच'चा नाहीच, तो कारणाचा आहे, आणि नेमकं तेच सांगायचं राहून गेलं.

तुझ्या सात वाक्यांत तीन प्रश्न कोंबलेत : पाणी का संपलं, सरकारने काय केलं, माणसं कुठे गेली. एका परिच्छेदाला एकच प्रश्न दे. पहिला मी लिहून दाखवते :

'एप्रिल 2016 मध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून पाण्याची रेल्वे धावली, याला केवळ अपुरा पाऊस कारणीभूत नव्हता. शहराला पाणी देणारे मांजरा धरण आटले होते, आणि त्याच मांजरा खोऱ्यात वर्षानुवर्षे उसाखालचे क्षेत्र वाढत गेले होते. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा राहतो, त्यामुळे उन्हाळ्यातही त्याला पाणी द्यावे लागते. पाऊस चुकला की हीच मागणी पिण्याच्या पाण्याच्या आड येते.'

रोजगार हमी आणि जलयुक्त शिवार इथून गेले. चांगली माहिती आहे, पण तिची जागा दुसरीकडे. आणि 'पाणी हेच जीवन' टँकरच्या मागे रंगवायला ठेव.

नदीकाठ
ताई, पटलं. पण प्रत्येक परिच्छेदात मुद्दा पहिल्याच वाक्यात हवा का? चार-पाच परिच्छेद तसेच झाले की सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. आधी दृश्य, मग मुद्दा, असंही जमतं की.

तांबडी_शाई
जमतं, आणि एकदोनदा जरूर करावं. फक्त दृश्य दोन वाक्यांत आवरायचं. मुलं दुष्काळाची भेगाळलेली जमीन रंगवत बसतात आणि अर्धं पान संपतं.

बालाघाटचा_पोऱ्या
ताई, माणसं कुठे गेली हा वेगळा केला. नदीकाठ म्हणतात तसा, दृश्यापासून :

'दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. गावातच काम मिळावे यासाठी राज्याने 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. तरीही टोळ्या जातात, कारण ऊसतोडीची उचल हंगामाआधी एकरकमी हातात पडते आणि रोजगार हमीची मजुरी काम झाल्यावर मिळते. लग्न, दवाखाना, सावकार यांना तेवढा धीर नसतो.'

तांबडी_शाई
'तरीही' आणि 'कारण' दोन्ही जागच्या जागी आहेत. याची वाक्यं आता हलवून दाखव! एक मात्र राहिलं. आपल्या कोरड्या रानातला माणूस दुसऱ्याच्या बागायती उसात राबायला जातो, हे तू कुठेच म्हटलं नाहीस. माझ्या परिच्छेदात ऊस पाणी ओढतो, तुझ्या परिच्छेदात माणसं. हा धागा दुसऱ्या वाक्यात घे, म्हणजे दोन परिच्छेद आपोआप जोडले जातील, 'त्याचप्रमाणे' लागणार नाही.

गोल_काळे
बरं, मग अधोरेखित तरी करू का?

तांबडी_शाई
नको. पहिली ओळ बोटभर आत घे, दोन परिच्छेदांत एक ओळ मोकळी सोड. बास.