ब्लेझ बेलीची पाच वर्षं: मेडनचा पडता काळ की पुढच्या मेडनचा पाया?

लेटनचा_बेस

परवा एका मित्राशी यावरून जोरदार वाजलं, ते डोक्यातून जाईना म्हणून इथे मांडतोय. तो म्हणतो आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या इतिहासातून १९९४ ते १९९९ काढून टाकलं तरी काही बिघडत नाही, त्या काळातला गायक ब्लेझ बेली म्हणजे चुकून आत आलेला माणूस. मला हे साफ अमान्य आहे.

ज्यांनी मेडन फार ऐकलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. १९७५ च्या ख्रिसमसला पूर्व लंडनमधल्या लेटनला स्टीव्ह हॅरिस या बेसवाल्यानं बँड काढला आणि पहिली चार-पाच वर्षं तिथे माणसं नुसती येत-जात होती, गायक बदलले, ड्रमर बदलले, डेव्ह मरे गिटारवर आला, त्याला काढलं, परत घेतलं. पॉल डियानो १९७८ ला आला, १९८० चा पहिला अल्बम आणि १९८१ चा 'किलर्स' त्याच्या आवाजातले. या दोन अल्बमच्या मध्ये गिटारवाला डेनिस स्ट्रॅटन जाऊन एड्रियन स्मिथ आला. मग डियानोला काढलं आणि सॅमसन नावाच्या बँडमधून ब्रूस डिकिन्सनला आणलं, आणि १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' थेट ब्रिटनच्या चार्टवर एक नंबरला. त्याच वर्षाअखेर ड्रमर क्लाइव्ह बर गेला, निको मॅकब्रेन आला. पुढची सात वर्षं मात्र ही पाच माणसं हलली नाहीत, आणि लोकांच्या डोक्यात जे मेडन आहे ते हे. १९९० ला एड्रियन बाहेर, जॅनिक गर्स आत. १९९३ ला ब्रूस स्वतःहून गेला.

मग आला ब्लेझ. वुल्फ्सबेनचा गायक, १९९० च्या ब्रिटन दौऱ्यात हाच बँड मेडनच्या आधी स्टेजवर यायचा, म्हणजे अनोळखी माणूस नव्हे. त्याच्याबरोबर १९९५ ला 'द एक्स फॅक्टर' आणि १९९८ ला 'व्हर्च्युअल इलेव्हन'.

आता माझं म्हणणं. 'एक्स फॅक्टर' सुरूच होतो ११ मिनिटांच्या 'साइन ऑफ द क्रॉस'नं. हळू, काळोखी, बेसवर रांगत येणारी सुरुवात, मग गाणं फुगत जातं, मध्ये भलामोठा वाद्यांचा पट्टा, मग परत मूळ जागी. २००० नंतरच्या मेडनचं अर्धं काम याच साच्यातलं नाही का? २००६ चा अल्बम घ्या, २०१५ चा डबल अल्बम घ्या, २०२१ चा घ्या. लांब गाणी आधीही होती, पण हा उदास, दम धरून चढणारा मेडन पहिल्यांदा सापडला तो ब्लेझच्या काळात. आणि १९९९ ला ब्रूस परत आल्यावर 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'व्हर्च्युअल इलेव्हन'मधलं 'द क्लॅन्समन' ही दोन्ही त्यानं गायली, २००१ ला रिओत आणि परत २०१८ पासूनच्या दौऱ्यात. मग पुसायचं काय?

खडकी९२

असहमत, आणि पूर्ण असहमत.

आकडे बघा आधी. ब्रूस गेला त्याआधीचा १९९२ चा अल्बम ब्रिटनमध्ये एक नंबर. 'एक्स फॅक्टर' आठवा. 'व्हर्च्युअल इलेव्हन' सोळावा. अमेरिकेत एके काळी मोठमोठी अरेना भरणारा बँड त्या काळात क्लबात वाजवत होता. याला पाया म्हणायचं तर घसरण कशाला म्हणायचं?

दुसरं, तुम्ही जी दोन गाणी पुढे करताय ती लिहिली कुणी? दोन्ही एकट्या स्टीव्ह हॅरिसनं. तो बँडमध्ये पहिल्या दिवसापासून आहे, ब्रूस नसता गेला तरी ही गाणी त्यानं लिहिलीच असती. ब्लेझचं कर्तृत्व दाखवायचं तर ब्लेझचं दाखवा. त्या दौऱ्यांची रेकॉर्डिंग आहेत, ऐका, जुनी गाणी आली की सूर सुटलेला स्पष्ट कळतो. ज्या पोरांनी खाऊचे पैसे साठवून 'लाइव्ह आफ्टर डेथ' या ब्रूसच्या काळातल्या लाइव्ह अल्बमची कॅसेट घेतली, ती फीत गुंतेपर्यंत ऐकली, त्यांच्या कानाला हे झेपणारच नव्हतं. मी त्यातलाच एक.

मंद्र_सप्तक

खडकीकर, सूर सुटला हे मान्य. पण का सुटला याबद्दल कुणीच बोलत नाहीये.

मी पंधरा वर्षं गाणं शिकले, मेटल नंतर नवऱ्यामुळे ऐकायला लागले. आमच्या क्लासात काळी पाचची मुलगी गाऊन उठली आणि काळी एकचा मुलगा बसला की पेटीवाल्या काकांना काही सांगावं लागत नाही, त्यांची बोटं आपोआप सरकतात, तंबोरे पुन्हा लावले जातात. गायक बदलला तर पट्टी बदलायची यात कुणाचा अपमान नसतो. ब्रूसचा आवाज तार सप्तकात राहणारा, ब्लेझचा खर्जातला, जाड, भरदार. आणि त्या माणसाला रोज रात्री ब्रूसची गाणी ब्रूसच्याच पट्टीत गायला लावली. गिटारच्या तारा अर्धा-एक स्वर उतरवून घेतल्या असत्या तर काय गेलं असतं? गायकाचा गळा म्हणजे काही बदलता येणारी तार नव्हे, तो दौऱ्यात दररोज दोन तास नको त्या उंचीवर ताणला की बसणारच. दोष देणार असाल तर पट्टी ठरवणाऱ्याला द्या.

खडकी९२

ताई, मुद्दा चांगला आहे पण अर्धाच. शेकडो लोकांतून निवड झाली होती. कुठली गाणी गायची आहेत हे ब्लेझला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ऑडिशनला तीच तर गायली असणार. एवढी मोठी जागा घेताना आपला गळा कुठपर्यंत जातो हे गायकानं नाही बघायचं तर कुणी बघायचं?

मंद्र_सप्तक

सोळा-सतरा जणांसमोर वाजवणारा छोटा बँड नव्हे हो, मेडन! त्या वयात असं बोलावणं आलं तर कोण म्हणेल की माझी पट्टी जुळत नाही, राहू द्या? ते सांगायची जबाबदारी ऐकणाऱ्यांची होती. समोर वीस वर्षं बँड चालवलेला माणूस बसला होता.

चौथी_तार

दोघांच्याही मध्ये पडतो. आवाजावर चर्चा चाललीय पण त्या दोन अल्बमचा साउंड कुणी काढला ते बघा. 'किलर्स'पासून १९९२ पर्यंत प्रत्येक स्टुडिओ अल्बमचं प्रॉडक्शन मार्टिन बर्चचं होतं. १९९२ नंतर तो निवृत्त झाला. 'एक्स फॅक्टर' हॅरिसनं नायजेल ग्रीनला घेऊन स्वतःच्या एसेक्समधल्या स्टुडिओत केला. गिटारी कोरड्या, आवाज एकटा पुढे उघडा पडलेला, त्याच्यामागे आधाराला काही नाही. ब्रूसलासुद्धा असं उघडं ठेवलं असतं तर त्याच्याही चुका दिसल्या असत्या. बर्चचा हात असता तर आज हा धागाच निघाला नसता असं मला मनापासून वाटतं.

आणि खडकीकरांच्या चार्टबद्दल. शेजारचाच बँड बघा, जूडास प्रीस्ट. त्यांचा गायक रॉब हॅलफर्ड १९९२ ला बाहेर पडला, १९९६ ला त्यांनी टिम ओवेन्सला घेतलं. ओवेन्सला हॅलफर्डच्या पट्टीतलं सगळं येत होतं, त्या किंकाळ्यासुद्धा. काय झालं? गर्दी परत आली नाही, २००३ ला हॅलफर्ड परतला तेव्हा आली. म्हणजे पट्टी जुळणारा गायक घेऊनही तेच झालं. नव्वदीच्या मधल्या काळात सिअ‍ॅटलच्या ग्रंज रॉकवाल्या पोरांनी सगळं मार्केट फिरवलं होतं, जुन्या ब्रिटिश मेटलला विचारत कोण होतं? तो सगळा उतार एका ब्लेझच्या खात्यावर टाकणं मला अन्याय वाटतो.

खडकी९२

ओवेन्सचं उदाहरण माझ्याच बाजूनं आहे की! लोकांना हॅलफर्ड हवा होता, लोकांना ब्रूस हवा होता. नक्कल चांगली असो वा वाईट, लोकांना मूळ माणूस हवा असतो.

लेटनचा_बेस

खडकी, मग मूळ माणूस म्हणजे डियानो ना? ब्रूस आला तेव्हा तोही बदलीच होता, त्याच्या आधी दोन अल्बम आणि हजारो फॅन डियानोचे होते. सॅमसनच्या कराराच्या भानगडीत १९८२ च्या अल्बमवर ब्रूसला लेखक म्हणून नावसुद्धा लावता आलं नव्हतं.

खडकी९२

हे बरोबर आहे, मान्य. पण तो बदली म्हणून आला आणि पहिल्याच अल्बमला त्यानं बँड वर नेला. फरक तोच आहे.

बर्मिंगहॅमकर

इथे बारा वर्षं राहतोय, ब्लेझ याच शहरातला. त्याचे कार्यक्रम छोट्या जागांत होतात, दोनशे माणसं आली तरी हॉल भरतो. मी दोनदा गेलोय. शो संपल्यावर तो बाहेर येऊन उभा राहतो, शेवटचा माणूस जाईपर्यंत फोटो, सह्या, गप्पा, आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. २०२३ ला हार्ट अटॅक येऊन बायपास झाली, त्यानंतरही हा माणूस परत स्टेजवर उभा आहे.

मंद्रताईंच्या मुद्द्याला पुरावा देतो. मेडनमधून काढल्यावर दीड वर्षाच्या आत, २००० ला त्यानं स्वतःच्या बँडचा 'सिलिकॉन मसाया' काढला. तोच गळा, पण गिटारी खाली उतरवलेल्या, गाणी त्याच्या आवाजाला बेतलेली. ऐका आणि सांगा हा माणूस बेसूर आहे का. त्यात एकही जागा अशी नाही की जिथे तो पोचत नाहीये असं वाटतं.

रानजाई

मला गाण्याइतकंच माणसांना कसं वागवलं याचं वाटतं. १९९९ च्या जानेवारीत ब्लेझला बोलावून सांगितलं की संपलं, आणि लगेच ब्रूस आणि एड्रियन परत येणार हे जाहीर. पाच वर्षं दिलेल्या माणसाला जगासमोर एकदा नीट निरोप द्यायला काय हरकत होती? निकोचं बघा. जानेवारी २०२३ ला स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, तरी मे महिन्यात दौऱ्याला हजर. शेवटी ७ डिसेंबर २०२४ ला साओ पावलोत त्यानं शेवटचा शो वाजवला, आधी जाहीर करून, हजारो लोकांच्या टाळ्यांत. बेचाळीस वर्षं! मी तो व्हिडिओ बघताना रडले हे सांगायला मला काही वाटत नाही. आता सायमन डॉसन वाजवतो, हॅरिसच्या 'ब्रिटिश लायन'मधला, आणि त्याला लोकांनी स्वीकारलं कारण आधीच्या माणसाला मानानं पाठवलं होतं.

चौथी_तार

रानजाई, भावना पोचली, पण हॅरिस निर्दय आहे असा सूर निघतोय तो मला पटत नाही. क्लाइव्ह बरला एमएस (मज्जासंस्थेचा आजार) झाला तेव्हा मेडननं त्याच्यासाठी फंड काढून शो केले, २०१३ ला तो गेला तोपर्यंत संबंध ठेवले. १९९९ ला एड्रियन परत आला तेव्हा जॅनिकला नारळ देणं सगळ्यात सोपं होतं, दोन गिटारांचाच बँड होता की. नाही दिला. तीन गिटारी ठेवल्या, आज पंचवीस वर्षं झाली.

रानजाई

जॅनिकचं खरंय, ते मी विसरले होते. ब्लेझच्या निरोपाबद्दल मात्र मत तेच.

खडकी९२

धागाकर्त्यांना एक प्रश्न. १ फेब्रुवारी २००८, मुंबई, बीकेसी. तुम्ही होतात असं मागे एकदा लिहिलं होतं. जगाच्या दौऱ्याची सुरुवात आपल्या मुंबईतून, ब्रूस स्वतः विमान उडवत आलेला. त्या रात्री ब्लेझच्या काळातलं एकही गाणं झालं नाही. गर्दीतल्या एकाला तरी चुकल्यासारखं वाटलं का?

लेटनचा_बेस

होतो. धुळीनं घसा बसला होता, शर्ट पिळून काढावा लागला, घरी जायला पहाट झाली आणि आयुष्यात त्यापेक्षा चांगल्या रात्री फार कमी आल्या. नाही, त्या रात्री काही चुकलं नाही, खोटं कशाला बोलू.

पण तो दौराच ऐंशीच्या दशकाचा होता. 'फियर ऑफ द डार्क' सोडलं तर १९८८ नंतरचं काहीच नव्हतं, म्हणजे ब्रूस परतल्यावरचे तीन अल्बमही पूर्ण बाहेर. त्या न्यायानं त्यातला पहिला, 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'सुद्धा पुसायचा का? उलट २०१८ च्या दौऱ्यात जिथे सगळ्या काळातली गाणी निवडायची होती तिथे ब्लेझच्या काळातली दोन घेतली. निवडणारे कोण? ब्रूस आणि हॅरिसच. त्यांना तो काळ लाजिरवाणा वाटत नाही तर आपण कशाला वाटून घ्यायचा?

लेखक हॅरिस हा तुमचा मुद्दा मात्र मी नीट विचार करून परत बघितला. हो, लिहिलं हॅरिसनं. पण ब्रूससारखा आवाज हाताशी असताना त्यानं अशी खाली, दबक्या आवाजात सुरू होणारी गाणी इतकी लिहिली नव्हती. समोर खर्जाचा गळा आला आणि त्याची लेखणी तिकडे वळली. यात ब्लेझचा वाटा नाही कसा म्हणता येईल?

मंद्र_सप्तक

+१. बंदिश बांधणारा गळा बघूनच बांधतो.

खडकी९२

काल रात्री हेडफोन लावून बसलो. १९९५ चं 'साइन ऑफ द क्रॉस' आणि रिओचं, एकापाठोपाठ दोनदा. तीस वर्षांत मी हे एकदाही केलं नव्हतं, कारण ती कॅसेट मी विकत घेऊन आठवड्यात मित्राला देऊन टाकली होती.

सुरुवातीचं कडवं ब्लेझचं चांगलं आहे. ब्रूसपेक्षा चांगलं आहे. ब्रूस तिथे नाटक करतोय असं वाटतं आणि ब्लेझ खरोखर घाबरलेला वाटतो. पण वाद्यांचा तो लांब पट्टा संपून गाणं परत वर येतं तिथे ब्रूसच, तिथे तुलनाच नाही. 'व्हर्च्युअल इलेव्हन' माझ्या लेखी अजूनही वाईटच, त्यावर मी हलणार नाही. 'सिलिकॉन मसाया' शनिवारी ऐकतो.