पहिलीच बायोमेडिकल ग्रँट: वडोदऱ्यातून अर्ज कुठे करायचा आणि बजेट कसं बसवायचं?

फतेगंज_लॅब

नमस्कार मंडळी. विद्यापीठाच्या सायन्स फॅकल्टीत असिस्टंट प्रोफेसर, नेमणूक कायम, नावावर एकही ग्रँट नाही. टाइप २ मधुमेहाच्या १२० रुग्णांच्या सीरममध्ये (रक्तातल्या द्रव भागात) दोन दाहसूचक मार्कर (शरीरातला दाह दाखवणारे घटक) एलायझाने (अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचणीने) मोजायचे आहेत. नमुने सयाजी हॉस्पिटलमधून. तीन वर्षं, अंदाजे ४० लाख. एएनआरएफ (केंद्राचं संशोधन प्रतिष्ठान), आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद), जीएसबीटीएम (गुजरात सरकारचं बायोटेक मिशन), की थेट अमेरिकेची एनआयएच (तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था)?

दांडियाबाजारकर

एनआयएच सध्या बाजूला ठेवा. संस्थेची सॅम, ग्रँट्स डॉट गव्ह आणि ईआरए कॉमन्स या अमेरिकी सरकारच्या तिन्ही पोर्टलवर नोंदणी लागते, त्यातच आठवडे जातात. परदेशी संस्थेला अप्रत्यक्ष खर्च (वीज, कार्यालय वगैरे) ८ टक्केच. शिवाय परदेशी पैसा म्हटला की एफसीआरए (परदेशी निधीचा कायदा) आणि आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी आलीच. विद्यापीठाची एफसीआरए नोंदणी आहे की सूट लागू होते, हे रजिस्ट्रार ऑफिसकडून लेखी घ्या, तोंडी नको.

तुमच्या पदाला पहिला पर्याय एएनआरएफचं प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर ग्रँट: तीन वर्षांत ६० लाखांपर्यंत, पण एकदाच मिळते. वयाची आणि रुजू झाल्याच्या तारखेची अट चालू जाहिरातीतच बघा. सर्ब (केंद्राचं आधीचं विज्ञान संशोधन मंडळ) आता एएनआरएफमध्ये विलीन झालंय, त्यामुळे सहकाऱ्यांकडचे सर्बचे जुने फॉर्म कामाचे नाहीत. आयसीएमआरची स्मॉल ग्रँट २ कोटींपर्यंत असते आणि रुग्णांचे नमुने असलेला विषय तिथे जास्त शोभतो. पण ‘मधुमेहात अमुक मार्कर वाढतो’ एवढंच दाखवणार असाल तर समीक्षक पहिल्याच पानावर थांबेल. वाढलेल्या मार्करने उपचाराचा कोणता निर्णय बदलेल, ते लिहा.

राज्याचं जीएसबीटीएमही बघा. रक्कम कमी, पण प्राथमिक डेटा उभा करायला पुरते, आणि पुढच्या अर्जात तोच डेटा उपयोगी पडतो.

हिशेबातला_माणूस

४० लाख हा आकडा कुठून आला? बजेट खालून वर बांधायचं, वरून खाली नाही.

माणूस आधी. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो) महिना ३७,०००, तिसऱ्या वर्षी एसआरएफ (वरिष्ठ फेलो) ४२,०००. तीन वर्षांचे १३,९२,००० झाले, वर घरभाडं. घरभाड्याचा टक्का शहराच्या वर्गावर ठरतो, आणि वडोदरा वाय वर्गात येतं. अहमदाबाद एक्समध्ये आहे, म्हणून तिथल्या मित्राची शीट उचलली की टक्का चुकतो.

आता किट. एका किटमध्ये ९६ वेल्सची (खळग्यांची) एक प्लेट: ब्लँक (रिकामा नमुना) धरून आठ स्टँडर्ड (प्रमाण ठाऊक असलेले नमुने), दोन-दोनदा, म्हणजे १६ वेल्स गेल्या. उरल्या ८०, म्हणजे प्रत्येकी दोनदा लावून ४० नमुने. बरेच जण इथेच ‘१२० ला तीन किट’ लिहून मोकळे होतात. पण दोन कंट्रोल नमुने (चाचणी बरोबर चालली का ते तपासायला) घातले की प्लेटवर ३८ च बसतात, तीन प्लेटमध्ये ११४. म्हणजे चार किट, आणि पद्धत जमवायला व पुनर्चाचणीसाठी पाचवं. दोन मार्करचे दहा. सगळे एकदम मागवू नका, मुदत संपते. कोटेशनमध्येच टप्प्याटप्प्याने डिलिव्हरीची अट घाला, आणि किटचा लॉट (उत्पादनाची खेप) बदलला की जुने चार-पाच नमुने नव्या किटवर पुन्हा लावून बघा.

उणे ८० चा फ्रीझर मागत असाल तर स्टॅबिलायझर, स्वतंत्र वीजलाइन आणि एएमसी (वार्षिक देखभाल करार) बजेटच्या त्याच ओळीत धरा, नंतर कुणी देत नाही. जीएसटीची मोठी चूक: संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारी ५ टक्क्यांची सवलत १८ जुलै २०२२ पासून बंद झाली, तरी जुन्या शीटमधून तोच आकडा अजून फिरतोय. कोटेशनवर एचएसएन कोड (जीएसटीसाठी वस्तूचा वर्गक्रमांक) आणि आजचा दर लिहून घ्या.

केंद्राचा पैसा टीएसए पद्धतीने (रक्कम हातात न देता खर्चाची मर्यादा देऊन) आला तर ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपते. म्हणून यंत्राचे स्पेसिफिकेशन मंजुरीपत्र यायच्या आधीच तयार ठेवा. जेमवर (सरकारी खरेदीचं पोर्टल) बिड, तांत्रिक छाननी आणि खरेदी समिती यांत महिने जातात. युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसा कुठे वापरला त्याचा दाखला) जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यात, भांडवली आणि आवर्ती खर्चाचं वेगवेगळं. ते अडकलं की पुढचा हप्ताही अडकतो.

मांडवी_एथिक्स

वरच्या दोघांनी महत्त्वाचं सोडलं. नमुने सयाजी हॉस्पिटलचे, म्हणजे नुसत्या तुमच्या फॅकल्टीच्या समितीची परवानगी चालणार नाही. हॉस्पिटल ज्याला जोडलेलं आहे त्या बडोदा मेडिकल कॉलेजकडचा डॉक्टर सह-संशोधक हवा आणि तिकडच्या एथिक्स कमिटीची मान्यताही. कमिटी डीएचआरच्या (केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाच्या) राष्ट्रीय नोंदवहीत नोंदलेली आहे का आणि नोंदणीची मुदत संपलेली तर नाही ना, ते तपासा. संमतीपत्र गुजराती आणि हिंदीत लागेल (आपण घरी मराठी बोलतो, रांगेतला रुग्ण बहुतेक गुजराती). उरलेलं सीरम पुढच्या कामासाठी साठवायचं असेल तर त्याला वेगळी चौकट ठेवा. ती नसली तर नमुने फ्रीझरमध्ये असूनही वापरता येत नाहीत.

१२० हा आकडा कुठून काढला, त्याचं सॅम्पल साइझचं गणित जोडा. कमिटीही विचारते, समीक्षकही.

फतेगंज_लॅब

आभार. एकच प्रपोजल एएनआरएफ आणि आयसीएमआरला एकदम दिलं तर चालेल?

दांडियाबाजारकर

दोन्हीकडे ‘हे इतरत्र सादर केलंय का’ विचारतात, तिथे खरं लिहा. एकीकडून मंजूर झालं की दुसरीकडून लगेच मागे घ्यायचं. त्यापेक्षा उद्दिष्टं विभागा: आजारामागची जैविक यंत्रणा शोधायचं काम एएनआरएफला, रुग्णांचा पाठपुरावा आयसीएमआरला. बजेटची एकही ओळ दोन्हीकडे दिसू देऊ नका, विशेषतः जेआरएफची.

हिशेबातला_माणूस

आणि संस्थेच्या एंडॉर्समेंट (शिफारस) पत्रावर सही, शिक्का नि तारीख बघूनच अपलोड करा. रजिस्ट्रारची फाइल शेवटच्या दिवशी हलत नाही.