दुसरा टिपर घेऊ का? मत नक्की कधी बदलायचं?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. आमच्या घरी खाणीचं खनिज वाहायचे 2 टिपर, म्हणजे ट्रक, होते. 2012 च्या सप्टेंबरात गोवा सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली, तेव्हा बाबा म्हणाले हा सीझन संपायच्या आत सुरू होतंय बघ. नाही झालं. 2014 एप्रिलला कोर्टाने बंदी उठवली, वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून, बाबांनी लगेच सगळे टायर नवे घातले. मग 2018 फेब्रुवारीत कोर्टाने 88 लीजचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं, 16 मार्चपासून परत सगळं ठप्प. एक टिपर भंगाराच्या भावात गेला, दुसरा अजून माडाखाली उभा आहे.
आता खाणींच्या ब्लॉकचे नव्याने लिलाव झालेत, काही ठिकाणी काम सुरू झालंय आणि माझ्याच डोक्यात येतंय की लोन काढून एक सेकंडहँड घ्यावा. वेर्ण्याला माझी नोकरी आहे, पगार बरा आहे. बाबा तेव्हा अडून बसले ते उगाच असं मला नाही वाटत, त्यांच्याकडे कारणं होती. पण शहाण्या माणसाने मत कधी आणि किती बदलायचं? दर बातमीला बदललं तर चंचल, नाही बदललं तर हट्टी. ह्याला काही हिशेब आहे का?

फोंड्याचा मास्तर:
हिशेब आहे आणि तो जुना आहे, थॉमस बेज म्हणून इंग्लंडमधला एक पाद्री होता, त्याचा निबंध तो वारल्यावर 2 वर्षांनी, 1763 साली त्याच्या मित्राने छापून आणला. सूत्र बाजूला ठेव, त्यातला प्रश्न धर: खाण सुरू होणार नसती तरी ही बातमी आली असती का?
आकडे मी समजुतीसाठी धरतोय. समज तुझा अंदाज 50 टक्के आहे. "ह्या सीझनला खाणी सुरू" असं एक पुढारी बोलला. सुरू होणार असेल तर असं बोलायची शक्यता 90, होणार नसेल तरी 80, कारण हे लोक दर वर्षी बोलतात. मग तुझा अंदाज जेमतेम 53 वर जातो. म्हणजे ऐकून सोडून द्यायचं. आता समज जेटीवर बंद पडलेले बार्ज, म्हणजे नदीतून खनिज नेणाऱ्या बोटी, दुरुस्तीला घेतलेत. सुरू होणार असेल तर ह्याची शक्यता 60, नसेल तर 10, कारण फुकट पैसा कोण घालतो. अंदाज एकदम 86. आणि बार्जचं तू स्वतः न बघता नुसतं कुणाकडून ऐकलंय, खरं असेल का नसेल अर्धंअर्धं? रिचर्ड जेफ्री नावाच्या तत्त्वज्ञाने 1965 साली ह्याचा नियम मांडला. खरं असेल तर 86, खोटं असेल तर ह्याच आकड्यांनी (60 च्या जागी 40, 10 च्या जागी 90) 31, दोन्हीची सरासरी धर, साधारण 58.
बाबांचं चुकलं असेल तर एवढंच की खाणी न उघडता सरलेला प्रत्येक सीझन हीसुद्धा बातमी होती आणि ती त्यांनी मोजली नाही. बातमी आली की मन वर जातं, नुसता वेळ गेला की खाली यायला विसरतं. माणसाचं असंच होतं, मी शाळेत 30 वर्षं मुलांच्या निकालाबाबत पालकांचं हेच बघितलंय.

साखळी ते पणजी:
मास्तर म्हणाले ते अंदाजाचं झालं. आपल्याला काय हवं, ह्याचंही मत बदलतं, आणि ते बदलणं शहाणपणाचं असू शकतं. मोरिस आले नावाच्या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने 1953 साली एक कोडं छापलं. पैसे आपण रुपयात धरू. पहिली निवड: 1 कोटी नक्की, किंवा 5 कोटी मिळायची शक्यता 10 टक्के, 1 कोटीची 89 आणि काहीच नाही त्याची 1. बहुतेक लोक नक्की 1 कोटी घेतात. दुसरी निवड: 1 कोटीची शक्यता 11 टक्के, किंवा 5 कोटीची 10 टक्के. इथे तेच लोक 5 कोटीकडे वळतात. लिओनार्ड सॅव्हेज ह्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाचंही हेच झालं, आणि तर्काने निर्णय कसे घ्यावेत ह्यावर त्या काळी त्याच्याइतकं काम क्वचितच कुणी केलं असेल. मग त्याने 100 चिठ्ठ्यांचा तक्ता मांडला, 1 टक्क्याला 1 चिठ्ठी, आणि त्याच्या लक्षात आलं की 12 ते 100 नंबरच्या चिठ्ठ्यांना, कुठलाही पर्याय घेतला तरी, तेच मिळतं: पहिल्या निवडीत 1 कोटी, दुसऱ्या निवडीत काहीच नाही. त्या खोडल्या की दोन्ही प्रश्न एकच. त्याने आपली आवड बदलली आणि 1954 च्या पुस्तकात तसं लिहिलंही.
मला हे फार मोठं वाटतं. तुझ्याकडे लाव: अंगणातल्या टिपरावर गेलेले हप्ते नवा घेतलास तरी गेलेले, नाही घेतलास तरी गेलेले. खोडून टाक आणि मग उरलेल्याकडे बघ. आणि मास्तर, तुमची पुढाऱ्याची बातमी तीच गोष्ट झाली ना, दोन्हीकडे सारखी म्हणून बाद?

वाळपयची माई:
बाळा, सगळंच खोडता येत नाही हां. माझा भाऊ 2018 पर्यंत म्हणायचा, ट्रक सोडून मी जगायचा नाही. पोटासाठी 4 म्हशी घेतल्या, आज तो दुधावरच खूश आहे, परत स्टीअरिंग धरायचं नाव काढत नाही. त्याला काय आवडेल हे 2012 ला त्यालाच ठाऊक नव्हतं, मग कागदावर कसलं मांडणार? असलं काम करून बघितल्याशिवाय कळत नाही. तुझ्या बाबांना पैशापेक्षा आपली स्वतःची गाडी दाराशी असणं हवं होतं, ती हौस चुकीची नव्हे, पण ती तुझी आहे का ते तू बघ. एक सीझन कुणाचा टिपर भाड्याने घेऊन, अधूनमधून रजा काढून फेऱ्यांवर जा. सीझनचं भाडं गेलं तर गेलं, लोन तरी डोक्यावर नाही.

डिचोलीकर:
माई, मास्तर, सगळ्यांना देव बरे करू. काल जेवताना बाबांना विचारलं की 2014 ला टायर घालताना तुम्हाला नक्की काय वाटलं होतं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, सुरू होणार अशी खात्री नव्हती रे, पण टायर नाही घातले तर मीच आशा सोडली असं तुझ्या आईला वाटलं असतं. हे मला आजवर माहीत नव्हतं.
लोनची फाईल बँकेतून परत आणलीय. कॅलेंडरवर चतुर्थीच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय: जेटीवर बार्ज स्वतः जाऊन बघायचे, आणि ओळखीच्या 3 टिपरवाल्यांना महिन्याला फेऱ्या किती पडल्या ते विचारायचं. तिघांपैकी दोघांच्या फेऱ्यांतून हप्ता सुटत असेल तर पुढचा विचार, नसेल तर ह्या वर्षी नाही. आणि माई, भाड्याच्या टिपरासाठी उसगावात एकाशी बोललोय.